हवा, घाट आणि 'ण' : गिरणगावातील उच्चारांचा भूगोल

'बारा कोसांवर भाषा बदलते' ही लोकोक्ती बोलींच्या अभ्यासात इतक्या वेळा उद्धृत झाली आहे की, तिच्यातील गृहीत तपासण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अंतराबरोबर उच्चार बदलतो, हे निरीक्षण मान्य होण्यासारखे आहे. तो कशामुळे बदलतो, हवेमुळे की माणसांच्या परस्परसंबंधांमुळे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

ह्या प्रश्नाला अलीकडे नवे वळण मिळाले. कालेब एव्हरेट यांनी २०१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, उंच पठारी प्रदेशांतील भाषांत कंठातील हवा कोंडून उच्चारलेली स्फोटक व्यंजने अधिक आढळतात. २०१५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,७०० हून अधिक भाषांच्या आधारे कोरडी हवा आणि गुंतागुंतीच्या सुरावटींचा अभाव यांचा संबंध जोडला. मराठीत अशी व्यंजने नाहीत आणि अर्थभेदक सूरही नाहीत. त्यामुळे ह्या सिद्धांतांची कसोटी मराठीवर लागत नाही. परंतु त्यांच्या आधारे मराठी बोलींतील भेदही हवामानावर सोपवण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळणे अगत्याचे आहे. वऱ्हाड-खानदेशात 'काळा'चा 'काया' होतो. पण तितक्याच कोरड्या सोलापुरात 'ळ' टिकून आहे. दमट उत्तर कोकणात आगरी-कोळी बोलींत त्याच 'ळ'चा 'ल' होतो, तर तशाच दमट मालवणीत 'ळ' शाबूत राहतो.

ह्या दृष्टीने मुंबईचे गिरणगाव महत्त्वाचे ठरते. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा कोकणी आणि रेल्वेने बोरघाट उतरून येणारा घाटी परळ-लालबागच्या चाळींत शेजारी झाले. दोघांच्या श्वासात एकच खारी हवा होती. तरी मालवणीचे अनुनासिक 'खंय' आणि साताऱ्याकडचा ठसका एकमेकांत विरघळून गेले नाहीत. त्यांना जपले ते गावकऱ्यांच्या गाळ्यांनी, खानावळींनी, ग्राममंडळांनी आणि गणपतीला गावी जाण्याच्या रिवाजाने. येथे भूगोल निष्प्रभ नाही. पण तो हवेतून नव्हे, तर वाटांतून काम करतो. घाट, खाडी, बंदर आणि लोहमार्ग कोण कोणाशी बोलणार हे ठरवतात. उच्चार त्यामागून येतो.

मात्र वाटांचा हा भूगोलही सर्व काही सांगत नाही. दादरहून लालबाग जेमतेम कोसभर, गिरगावहून फार तर दोन कोस. तरीही 'पाणी' आणि 'पानी' यांतील अंतर त्याहून कितीतरी मोठे मानले गेले. खेड्यात तर एकाच पाणवठ्याच्या परिसरात, एकाच हवेत, वाड्यात 'लोणी' आणि गावकुसाजवळ 'लोनी' ऐकू येते. हा भेद जातीचा व शिक्षणाच्या संधीचा आहे. त्याला 'प्रादेशिक' म्हणणे सभ्य वाटते. परंतु त्यामुळे सामाजिक दरी नकाशाखाली झाकली जाते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की संस्कृत शब्द 'पानीय' आहे. त्यातील 'न'चा 'ण' प्राकृतात झाला. 'नवनीत'पासून आलेल्या 'लोणी'चीही तीच कथा. म्हणजे आज जो 'ण' शुद्धतेची खूण समजला जातो, तोही एके काळी अपभ्रष्टच होता. वर्गात 'न' उच्चारणाऱ्या मुलाला हसणे म्हणूनच भाषाशास्त्राच्या कोणत्याही आधारावर टिकत नाही.

अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींच्या पाहणीची जी मालिका सिद्ध केली, तिच्यातील एका ग्रंथाचा विषय महाडची कुणबी बोली हा आहे. स्थळ आणि समाज यांचा तेथे एकत्र झालेला उल्लेख हीच पद्धतीची खरी दिशा होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव पांगत गेले. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. गाळा मोडला की त्याने जपलेला उच्चारही एका पिढीत विरतो. विद्यापीठीय विभागांनी ह्या वस्त्यांतील वृद्ध स्त्री-पुरुषांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, आणि ते करताना केवळ जिल्हा न नोंदवता तालुका, जात, गाळा, शाळा यांचीही नोंद ठेवणे, हे तातडीचे कार्य आहे. ते न झाल्यास पुढील संशोधकाच्या हाती केवळ नकाशा उरेल, आणि जे माणसांनी घडवले ते तो हवेच्या नावावर जमा करील.