प्रोसेसरची घराणी आणि आपला खिसा

सप्तापुरात चहाच्या गाड्यावर चार पोरं जमली की दोनच विषय निघतात: कुठला क्लास चांगला, आणि गेमिंग पीसीत इंटेल घालायचा की एएमडी. पहिल्यावर पटकन एकमत होतं. दुसऱ्यावर मात्र चहा गार होईपर्यंत भांडण चालतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी, गेमही खेळते. त्यामुळे या भांडणातली भाषा आधी कानात भरते. 'मी इंटेलचा', 'आम्ही एएमडीवाले', 'टीम ब्लू', 'टीम रेड'. वस्तू विकत घेणारा माणूस असं बोलत नाही. हा घराण्याचा अभिमान झाला. माझं म्हणणं एवढंच की, पीसी जुळवताना हा अभिमान बाजूला ठेवावा. कारण पैसे बहुतेक वेळा आईवडिलांचे असतात.

तसं पाहिलं तर ही घराणी तरी कुठे वेगळी? इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची, आणि दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेले. आयबीएमला पीसीसाठी दुसरा पुरवठादार हवा होता, म्हणून १९८२ च्या करारानंतर एएमडी इंटेलच्याच रचनेच्या चिप बनवू लागली. पुण्यात जन्मलेले विनोद धाम 'पेंटियमचे जनक' म्हणून ओळखले जातात. पेंटियम आला १९९३ मध्ये. पुढे धाम इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि एएमडीच्या के-६ प्रोसेसरवरही त्यांनी काम केलं. ज्यांनी या चिप घडवल्या ते घर बदलू शकतात, मग आपण का अडून बसायचं?

आता कामाचं बोलू. गेममध्ये शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, हा हिशोब प्रोसेसर करतो. चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. दोघांत जो मागे पडेल त्याच्या वेगाने गेम चालतो. यूट्यूबवरचे तुलनेचे तक्ते बघताना हे लक्षात ठेवा. प्रोसेसरमधला फरक दिसावा म्हणून तिथे मुद्दाम महागातलं महाग कार्ड लावतात. चाचणी म्हणून ते योग्यच आहे, पण आपल्या मध्यम किमतीच्या कार्डावर तो फरक बराचसा विरघळतो. त्यात मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक १४४ हर्ट्झवर खेळणाऱ्याने मात्र प्रोसेसरकडे जरूर जास्त बघावं.

दुसरा मुद्दा सॉकेटचा. एएमडीच्या एएम-४ वर पहिले रायझन २०१७ मध्ये आले, आणि २०२२ चा ५८००एक्स-३डी देखील त्याच सॉकेटवर बसला. कित्येक जुने मदरबोर्ड नुसत्या बायोस अपडेटवर तो चालवतात. इंटेलचं एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चाललं. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० साठी मदरबोर्डही नवा घ्यावा लागला. पण दुसरी बाजूही आहे. एएम-५ ला डीडीआर-५ रॅमच लागते, तर एलजीए १७०० चे डीडीआर-४ वाले बोर्ड मिळतात. घरात जुनी डीडीआर-४ रॅम पडून असेल तर आय-५ १२४००एफ हिशोबात बसतो. फक्त त्या 'एफ'चा अर्थ ध्यानात ठेवा: त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

आणि निर्दोष कुणीच नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे खराब होऊ लागले. २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड दुरुस्ती द्यावी लागली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. २०२३ मध्ये एएमडीचे काही ७०००एक्स-३डी प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाले होते. तिथेही कारण व्होल्टेजचंच. दोन्हीकडच्या भक्तांना फक्त समोरच्याचा जळालेला प्रोसेसर आठवतो.

माझं मत विचाराल तर, सगळंच नवं घ्यायचं असेल तर आज मी एएम-५ वरचा सहा कोअरचा साधा रायझन घेईन आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात व चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घालीन. उद्या इंटेलने जास्त टिकणारं सॉकेट आणलं तर माझं मत बदलेल, आणि त्यात गद्दारी बिद्दारी काही नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, हुबळीला दुकानात जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: कुठले गेम, कुठला मॉनिटर, एकूण बजेट, आणि तीन वर्षांनी काय बदलायचं. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आणि सीलबंद बॉक्स व पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका!