मिळून-मिसळून वागणारा इंजिनिअर

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास नुकतीच एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा-विभागांतील नोकरी नाकारण्यांत आली. कारण लेखी नव्हतें. पण मुलाखत घेणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे असल्यामुळें त्यांनीं तें आम्हांस मोकळेपणें सांगितलें. "मुलगा हुशार आहे हो प्रोफेसरसाहेब, पण मिळून-मिसळून वागणारा दिसत नाहीं. समोर बघून बोलतसुद्धां नाहीं." हा मुलगा स्वमग्न आहे. तसें वैद्यकीय प्रमाणपत्र त्याजपाशीं आहे आणि तें त्यानें अर्जासोबत जोडलें होतें. उमेदवारीच्या काळांत दुसऱ्या एका कारखान्यांत, नकाशांत दाखविलेली एक झडप प्रत्यक्ष नळावर उलटी बसविलेली आहे, हें जुन्या माणसांच्या ध्यानांत न आलेलें वैगुण्य त्यानेंच दाखवून दिलें होतें. मुलाखतींत तें कोणी विचारलें नाहीं, आणि आपण होऊन सांगणें त्यास सुचलें नाहीं. सुरक्षा-विभागास माणूस हवा होता कीं जांवई?

मिळून-मिसळून वागणें हा सद्गुण खराच. पण जेथें माणसांचे प्राण टांगलेले असतात तेथें तो किती महाग पडतो याचा दाखला जगापुढें आहे. 1986 च्या जानेवारीच्या 27 तारखेस रात्रीं, 'चॅलेंजर' यानाचीं रॉकेटें करणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनीं, थंडीनें सांध्यांतील रबरी कडीं ताठरतील, उड्डाण पुढें ढकला, असें निक्षून सांगितलें. रॉजर बॉइजोली हे त्यांतील अग्रणी. तेव्हां एका वरिष्ठानें आपल्या सहकाऱ्यास इंजिनिअरची टोपी उतरवून व्यवस्थापकाची चढविण्यास सांगितलें. त्यानें ती चढविली. आणि दुसऱ्या दिवशीं यानांतील सातही माणसें प्राणांस मुकलीं. बॉइजोली यांच्या मेंदूविषयीं आम्ही कांहींएक सुचवीत नाहीं. आमचें विचारणें इतकेंच कीं, ज्याला टोपी बदलतांच येत नाहीं अशा माणसास आपण दारांतूनच परत कां पाठवितों?

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन विदुषी स्वतः स्वमग्न आहेत. कत्तलखान्यांत गुरें कां बिथरतात हें पाहण्यासाठीं त्या गुरांच्या वाटेंत स्वतः उतरल्या. (विषय आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाहीं, त्यास इलाज नाहीं.) जमिनीवरची सावली, लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट अशा क्षुल्लक वस्तूंनीं जनावर थबकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें आणि त्याबरहुकूम वाटा आखल्या. काम मिळवितांना त्या स्वतःविषयीं बोलत बसत नसत. आपले नकाशे पुढें पसरीत. आमच्या विद्यार्थ्यास नकाशे पसरावयास टेबलच मिळालें नाहीं. मात्र ज्यांच्या मेंदूची घडण चारचौघांहून निराळी, ज्यांस हल्लीं 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात, ते सारे असामान्यच असतात ही चित्रपटांनीं रूढ केलेली समजूत आम्हांस मान्य नाहीं. त्यांत साधारण बुद्धीचे, आळशी, चुकणारेही असतात. जगांतील इतर साधारण माणसांस जर नोकऱ्या मिळतात, तर यांसच कां मिळूं नयेत?

आमचे परिचित म्हणाले, "घंटा एकदम वाजूं लागल्या तर हा गोंधळणार नाहीं काय?" आक्षेप रास्त आहे, गोंगाट त्यास सोसत नाहीं. परंतु 1994 सालीं वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत स्फोट झाला, त्यापूर्वींच्या शेवटच्या सुमारें अकरा मिनिटांत दोन कामगारांपुढें 275 इशारे येऊन आदळले! इतके इशारे कोणत्या मेंदूस पेलावे? चौकशींतही या गर्दीवरच बोट ठेवण्यांत आलें. मोजके इशारे, लेखी व निःसंदिग्ध सूचना, शांत नियंत्रण-कक्ष, कामांतील फेरफाराची आगाऊ कल्पना, एवढें जो मागतो त्यास आपण नाजूक म्हणतों; वस्तुतः तो कारखान्याचा दोष बोलून दाखवीत असतो. एखादें काम त्यास खरोखरच न झेपणें संभवतें. पण तें आठवडाभर काम करवून ठरवावें, अर्ध्या तासाच्या गप्पांवर नव्हे.

कायद्याचें म्हणाल, तर 1995 च्या अपंगांच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांवच नव्हतें. 2016 च्या कायद्यांत तें आलें, अध्ययन-अक्षमताही आली, आणि सरकारी जागांपैकीं शेंकडा एक जागा यांच्या व इतर कांहींच्या वांट्यास मिळून आली. खासगी कारखान्यांवर ही सक्ती नाहीं. पण कायद्यास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें. लग्नांत अडचण येईल म्हणून मुलाचें प्रमाणपत्र कपाटाच्या तळाशीं दडविणारे आपणच. शाळेंत परीक्षेला जादा वेळ मागण्यापुरतें तें बाहेर निघतें, आणि पदवी मिळतांच पुन्हां आंत जातें. मग तो मुलगा कचेरींत वर्षानुवर्षें सोंग वठवितो, थकतो, आणि एके दिवशीं घरीं बसतो. आमच्या विद्यार्थ्यानें प्रमाणपत्र जोडलें हेंच चुकलें, असें त्याच्या मामांनीं आम्हांस ऐकविलें. त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल करतों.

त्या परिचितांस आम्हीं पत्र घातलें आहे. प्रश्न आदल्या दिवशीं लेखी द्यावे, कारखान्याचा एखादा नकाशा त्या मुलापुढें ठेवावा, आणि दोन तासांनीं त्यानें काय टिपलें तें पाहावें, एवढीच विनंति आहे. हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेलें नाहीं.