संशयाचा मूकपट

नवऱ्याने काही पाहिले, बायकोनेही काही पाहिले. एकमेकांना धड विचारले मात्र कोणीच नाही. एवढ्या भांडवलावर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ पासून मराठी माणसाला हसवत आले आहे.

भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते. झाले! मूळ कल्पना मोलिएरची, १६६० सालची. मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे ती देवलांकडे आली आणि अस्सल मराठी झाली.

त्या काळात मूकपटही बहरात होता. अर्न्स्ट लुबिचने १९२४ साली ‘द मॅरेज सर्कल’ या मूकपटात व्हिएन्नातल्या दोन जोडप्यांचा असाच घोळ रंगवला. संशयाने पछाडलेले घर म्हणजे तरी दुसरे काय? चित्र दिसते, बोलणे ऐकू येत नाही.

रंगभूमीवर हे शोभते. तिथे नवरा-बायको सारखेच संशयी, सारखेच हास्यास्पद. शेवटी उलगडाही होतो. घरात मात्र तराजू असा समतोल नसतो. अमरावती-अकोल्याची वर्तमानपत्रे चाळताना ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हे शब्द अधूनमधून भेटतात, आणि त्या बातमीत मार खाणारी बहुधा बायकोच असते. तिथे पडदा हशात पडत नाही.

आज तसबिरीची जागा मोबाइलने घेतली आहे. रात्री अकराला आलेला एखादा मेसेज, दोन निळ्या खुणा, एवढ्यावर आजचा फाल्गुनराव पेटतो. चोरून फोन तपासण्याला कोणी काळजी म्हणत असेल, तर ती काळजी नव्हे, पाळत आहे. पाळतीने संशय मिटत नाही, पोसला जातो.

आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘काऊन?’ असा रोखठोक प्रश्न आहे. बाजारात, शेताच्या धुऱ्यावर तो आपण बेधडक विचारतो. घरातच जीभ का अडखळते? आवाज न चढवता विचारावे, आणि उत्तर ऐकून घेण्याचीही तयारी ठेवावी. मात्र जिथे हात उगारला जातो, तिथे हा नवरा-बायकोचा खाजगी मामला उरत नाही. तिथे शेजाऱ्यांनी आणि नातलगांनीही ‘काऊन?’ विचारलेच पाहिजे.

फाल्गुनरावाला हसून घरी आल्यावर आपणच फाल्गुनराव होणार असू, तर नाटक पाहिले कशाला?