बोर्ड आहे, पण तुमचं ऑपरेशन त्यात आहे का?

जनआरोग्य योजनेचा बोर्ड दिसला की आपण समजतो, झालं, इथे सगळं फुकट! तसं नसतं. २०१२ मध्ये रायगडसह ८ जिल्ह्यांत ही योजना सुरू झाली, तेव्हा नाव राजीव गांधींचं होतं; आता महात्मा फुल्यांचं. रुग्णालय अर्ज करतं, मग खाटा, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या पदव्या तपासतात. मान्यता मात्र विभागानुसार मिळते. हाडांसाठी मान्यता असेल, तर हृदयाचं ऑपरेशन तिथे योजनेत होत नाही. बरोबरच आहे, सर्जनच नसेल तर मान्यता कशी देणार? पण कर्जत-खालापूरच्या वाडीवरून पेशंट घेऊन आलेल्याला हे दारात कळलं, तर पुन्हा पनवेलकडे पळायचं. म्हणून निघतानाच १५५३८८ वर फोन करून विभाग विचारून घ्या.