गुडघा दुखतो तो कोणाचा?



ऊसनोंदीसाठी आम्ही शेतकी खात्याची माणसे वस्त्यांवर फिरतो, तेव्हा उसाचे बोलणे संपले की गुडघ्याचे निघतेच. "वाटी बदलली की माणूस जागेवरच बसतो" हे वाक्य तर आम्हाला पाठ झाले आहे. पण ते खरे नाही.

मुळात हे ऑपरेशन एकट्या वाटीचे नव्हे. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. मोटारीचे बुश गेल्यावर शाफ्टचे होते तसे. सर्जन झिजलेली टोके थोडी कापून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिक घालतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे १०० पैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात.

म्हणून दुखले की कापले, असेही नाही. आधी वजन उतरवावे, मांडीचा व्यायाम करावा, काठी घ्यावी. एक्स-रे कितीही वाईट असो, माणूस हिंडतो-फिरतो, झोपतो, तर थांबावे. रात्रीची झोप गेली, बांधापर्यंत जाववेना, की मग मात्र दुकानातल्या गोळ्यांवर वर्षे काढू नयेत. त्या गोळ्या किडनीवर जातात.

आता आमचे खरे म्हणणे. खुरपणीत उकिडवे बसून गुडघे झिजतात ते बहुतेक घरच्या बाईचे. उसाचे बिल जमा झाले की सोसायटी, ट्रॅक्टरचा हप्ता, लग्नकार्य उरकते. तिचा गुडघा पुढच्या हंगामावर जातो. मालकांचा गुडघा धरला तर तालुक्याला गाडी लगेच निघते! हे आम्हाला पटत नाही. पाय पार वाकडा झाल्यावर, मांडी सुकल्यावर नेले, तर गुणही कमीच येतो.

खर्च मोठा आहे, खरेच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा बिलात सांध्याचे नाव आणि किंमत वेगळी लिहून मागावी, लाजू नये. जंतुसंसर्गाचा धोका थोडा असतो, म्हणून साखर आटोक्यात हवी. पाचांतील एखाद्याचे पूर्ण समाधान होत नाही, हेही आधी ऐकून ठेवावे.

नंतर तिला उकिडवे बसता येणार नाही. खुरपणीला दुसरी माणसे लावावी लागतील, आणि संडासात कमोड बसवण्याचे काम दवाखान्यात नेण्याआधी उरकावे, ती घरी आल्यावर नव्हे.