मेजावरील नवा रेडिओ

ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील पुष्कळ घरांत आतां इंटरनेट आलें आहे. तेव्हां त्यावर चालणारा रेडिओ मेजावर हवा, असा हट्ट मुलांनीं धरल्यास नवल नाहीं. 23 जुलै 1927 रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, त्या वेळीं यंत्र बाळगण्यास वर्षाला 10 रुपयांचा परवाना लागे. आतां परवाना नाहीं. इंटरनेटचें मासिक देणें मात्र चुकत नाहीं!

या यंत्राचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. कोंकणांतून येथें वस्तीस आलेल्या आजीस गांवाकडचें आकाशवाणी केंद्र स्वच्छ ऐकूं येणें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तें यंत्र केंद्रांची सूची दुसऱ्याच्या घरून आणतें. निरनिराळ्या कंपन्यांचे रेडिओ रेसिव्हा नामक एकाच सेवेवर विसंबून होते. ती 2021 सालीं बंद होतांच, अंगीं कांहीं बिघाड नसतां त्यांतील पुष्कळ मुके झाले. आणि 26 जुलै 2005 चा पूर पालकांस आठवत असेलच. कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें, ठिकठिकाणीं वीज व टेलिफोन बंद पडले. अशा रात्रीं सेलवर चालणारा साधा रेडिओच कामाचा.

म्हणून ज्यांत एफ.एम.ही लागतें व जो विजेवांचून चालतो, तोच घ्यावा असें आमचें मत आहे. बटणें मोठीं आहेत कीं नाहींत, हें दुकानांत आजीच्याच हातीं यंत्र देऊन पाहावें.