कॅमेऱ्याआधी कागद

(द्वितीय वर्ष, कला)

विज्ञानाने माणसाला पंख दिले, असे आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो. ते पंख आता आमच्या तळवली गावात हळदीच्या मांडवावर घोंघावू लागले आहेत. वरून ड्रोन फिरला नाही तर पाहुण्यांना हळद लागल्यासारखेच वाटत नाही! माझा थोरला भाऊ लग्नांचे फोटो व व्हिडिओ काढतो. गेल्या दिवाळीपासून त्याच्या मनाने एकच घेतले आहे, की स्वतःचा ड्रोन घ्यायचा. पैशासाठी आई हातातल्या पाटल्या गहाण ठेवायला निघाली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा "तू जरा वाचून सांग गो," म्हणून सारा भार माझ्यावर आला. वाचून माझे जे मत झाले, ते येथे मांडते.

दादाच्या यादीत पहिला होता कॅमेरा. त्यात त्याचे काही चुकत नव्हते. आमच्याकडे हळदीला खरा रंग चढतो तो दिवेलागणीनंतर. कमी उजेडात चित्र स्वच्छ यायचे तर सेन्सर मोठा हवा. लहान सेन्सरच्या चित्रात अंधार दाणेदार उतरतो. म्हणून नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. वाऱ्यात कॅमेरा स्थिर राहावा म्हणून तीन अक्षांचा गिंबल हवा. जाहिरातीत उड्डाणाची जी मिनिटे सांगतात, ती वारा नसतानाची असतात. खाडीवरचा वारा सुटला की ती घटतात, शिवाय परतीपुरती बॅटरी राखावीच लागते. म्हणून निदान तीन बॅटऱ्यांचा खर्च किमतीतच धरावा. यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोठे होईल, हेही आधीच विचारून ठेवावे.

परंतु वाचकहो, हे सारे नंतरचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा, की हा ड्रोन उडवण्याचा अधिकार आपल्याला मिळेल काय?

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २०२१ साली आले. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर लागते, आणि विमाही लागतो. दादाच्या मनात भरलेला चीनच्या डीजेआय कंपनीचा मॅव्हिक ३ हा ८९५ ग्रॅमचा, म्हणजे मायक्रो. अशा ड्रोनच्या नमुन्याला प्रमाणपत्र असावे लागते व प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक. त्यातच फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणण्यास बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरतीच सूट आहे. तरीही दादाला एका दुकानदाराने हळूच सांगितले, "माल आहे, पावती मिळणार नाही." किंमत कमी, म्हणून दादा खूश! मला मात्र धडकीच भरली. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग आईच्या पाटल्या सुटणार कशा?

"सगळेच उडवतात, लग्नात कोण विचारतो?" हे दादाचे उत्तर. त्यावर मी त्याला आमच्याच गावाची आठवण दिली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी आमच्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. कुटुंबे वाढली तशी गावठाणाला लागून गरजेपोटी घरे उभी राहिली. ती नियमित व्हावीत म्हणून किती मोर्चे निघाले! कागद नसलेल्या घरात राहणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. मग कागद नसलेले यंत्र आपण होऊन, तेही कर्ज काढून, घरात का आणावे?

शिवाय मांडवाखाली माणसे असतात. एवढ्या वजनाचे फिरते पाते लहान मुलाच्या डोक्यावर आले, तर "सगळेच उडवतात" हे उत्तर त्याच्या आईला देता येईल काय? आमच्या एका बाजूला मुंबईचे विमानतळ आहे, दुसऱ्या बाजूला २०२५ मध्ये सुरू झालेले नवी मुंबईचे. म्हणून उडवण्यापूर्वी 'डिजिटल स्काय'वरील नकाशात हिरवा, पिवळा, तांबडा विभाग पाहिलाच पाहिजे. खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेथे तर हौसेनेही उडवू नये.

मी ड्रोनच्या विरुद्ध नाही. मागे दादाच्या मित्राने काढलेले गावाचे चित्रण बाबांनी पाहिले. मांडव सोडून ते इमारतींकडे बोट दाखवीत राहिले, "हे आपले शेत. ही खाजणाची वाट." वरून पाहण्याचे मोल मला त्या दिवशी कळले.

माझे म्हणणे इतकेच, की क्रम बदला. दादाचे वय अठराच्या पुढे आहे, तो दहावी पास आहे. मान्यताप्राप्त संस्थेत शिकून त्याने आधी प्रमाणपत्र घ्यावे. तोवर मोठ्या लग्नांना परवानाधारक चालकाला रोजाने बोलवावे. मग नमुन्याचे प्रमाणपत्र असलेला ड्रोन पावतीसह घ्यावा, भले कॅमेरा थोडा उणा असो. कॅमेरा पुढे बदलता येतो, गेलेला विश्वास परत येत नाही.

दादा अजून रुसलेला आहे. पण पाटल्या आईच्या हातात आहेत, आणि प्रशिक्षणाचा अर्ज भरायला त्याने परवा माझेच पेन मागून नेले.